कपाटातला कॅमेरा आणि कढीपत्त्यावरची अळी

पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुने चष्मे आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या सोबतीने, एक लहानसा कॅमेरा पडून असतो. मुंजीत, बारशात, गणपतीच्या आराशीपुढे आणि उन्हाळ्याच्या सहलीत त्याने इमानेइतबारे काम केलेले असते. पुढे फोनमध्येच कॅमेरा आला आणि या बापड्याची गरज संपली. ही काही एकट्या-दुकट्या घराची कथा नव्हे. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली अशा छोटेखानी, भिंग न बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांचे दहा कोटींहून अधिक नग बाजारात रवाना झाले होते. २०२३ साली ती संख्या वीस लाखांच्याही खाली आली.

तथापि, त्या कॅमेऱ्याच्या पाठीवरील बटणांत एक चिन्ह आहे, त्याकडे बहुतेकांचे कधी लक्ष गेलेले नसते. ते चिन्ह फुलाचे आहे. ते बटण दाबले की कॅमेरा दूरचे पाहणे सोडून अगदी जवळचे पाहू लागतो. मुंगीच्या मिशा, फुलपाखराच्या पंखांवरील खवले, चतुराच्या डोळ्यांवरील जाळी, हे सारे ज्या छायाचित्रणात दिसते त्याला मॅक्रो छायाचित्रण म्हणतात, आणि त्याची पहिली पायरी हे फूलच होय. या कलेसाठी लाख रुपयांचा सरंजाम आणि अरण्यातील प्रवास लागतो अशी समजूत आहे. ती किती खोटी आहे हे अंगणातील एका कढीपत्त्याच्या झाडाने मला शिकविले. त्या झाडाची हकीकत पुढे येईलच. आधी साधनांचा परिचय करून घेऊ.

लहानपणाचा फायदा

मोठ्या कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदी पाटी, जिला सेन्सर म्हणतात, ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असते. आपल्या कपाटातील कॅमेऱ्याची पाटी बहुधा ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी असते. मंद प्रकाशात या लहानग्या पाटीचे चित्र रवाळ होते, हा तिचा दोष. परंतु निकटच्या छायाचित्रणात तिचा एक गुण फार उपयोगी पडतो. एकाच आकाराचा कीटक चौकटीत तेवढाच मोठा दिसावा म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांनी चित्र घेतले, तर भिंगाचे छिद्र सारख्याच आकड्यावर असताना लहान पाटीच्या कॅमेऱ्यात कीटकाच्या शरीराचा अधिक भाग स्पष्ट येतो. जवळून पाहताना स्पष्टतेचा पट्टा मिलिमीटरांत मोजावा लागतो. तेथे ही सवलत मोलाची ठरते.

आरंभी कॅमेऱ्याची प्रकृती तपासावी. पुष्कळ वर्षे पडून राहिलेली बॅटरी फुगलेली दिसली, तर ती चार्ज करण्याच्या भानगडीत पडू नये, नवी घ्यावी. भिंगावर बुरशीचे जाळे धरले आहे का, हे उजेडात तिरपे धरून पाहावे. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्यास ती बुरशी टळते.

मग पहिल्या संध्याकाळी कीटकांच्या मागे न धावता स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसावे. फुलाचे चिन्ह निवडावे, झूम पूर्ण मागे घ्यावा आणि पट्टीच्या मिलिमीटरच्या रेघांचे जितक्या जवळून स्पष्ट येईल तितक्या जवळून चित्र घ्यावे. चौकटीच्या रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोजावे. तीस मावले तर मधमाशी उत्तम येईल. मुंगी मात्र लहान दिसेल. एवढ्या एका प्रयोगाने आपला कॅमेरा काय करू शकतो आणि काय नाही, याचा पक्का अंदाज येतो. त्यानंतर मोहरी, खसखस, पोस्टाचे तिकीट यांवर हात बसवावा. खसखशीच्या दाण्यावरील जाळीदार नक्षी प्रथम दिसते तेव्हा घरातील मंडळीही जवळ येऊन डोकावू लागतात.

जवळ जाण्याचे दोन मार्ग

बहुतेक लहान कॅमेरे झूम मागे असतानाच सर्वांत जवळचे पाहू शकतात. भिंगापासून एक ते पाच सेंटिमीटरांपर्यंत. झूम पुढे नेला की हे अंतर वाढत जाते. नवशिका माणूस झूम पुढे करून फुलापाशी जातो, चित्र धूसर येते आणि तो कॅमेऱ्याला दोष देतो, त्याचे कारण हेच. झूम मागे ठेवून कॅमेराच पुढे न्यावा, हा पहिला मार्ग. त्यातील अडचण अशी की एक सेंटिमीटरवर भिंग आले की कीटक उडून जातो आणि कॅमेऱ्याची सावलीही त्याच्यावर पडते.

दुसरा मार्ग जोड-भिंगाचा. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बहिर्वक्र भिंग लावावयाचे, झूम पुढे न्यावयाचा आणि काही अंतरावरून चित्र घ्यावयाचे. हे अंतर किती, याचा हिशेब सोपा आहे: १०० या संख्येला भिंगाच्या डायॉप्टरने भागावे, म्हणजे सेंटिमीटर मिळतात. आठ डायॉप्टरचे भिंग असेल तर कीटक साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास असावा लागतो. एवढ्या अंतरावर पुष्कळसे कीटक आपल्याला सहन करतात. चाळिशीच्या चष्म्याचे भिंग एक ते तीन डायॉप्टरचे असते, ते या कामी अपुरे पडते. घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग अधिक जोरकस असते. ते पुठ्ठ्याच्या नळीत बसवून कॅमेऱ्यापुढे धरता येते. मात्र नळी कॅमेऱ्याच्या बाहेर येणाऱ्या नळकांड्याला चिकटवू नये. त्याची यंत्रणा नाजूक असते. साध्या एकेरी भिंगाने चित्राच्या कडांना जांभळी-हिरवी झालर येते. दोन भिंगे जोडून केलेली तयार जोड-भिंगे बाजारात मिळतात, त्यांत हा दोष पुष्कळ कमी असतो.

नवा कॅमेराच घ्यावयाचा असेल, तर ऑलिंपसने सुरू केलेल्या ‘टफ’ मालिकेतील कॅमेऱ्यांचा विचार करावा. त्यांत सूक्ष्मदर्शक नावाची एक सोय असून झूम पुढे नेला तरी एक सेंटिमीटरवरील वस्तू स्पष्ट येते. २०१४ सालच्या टीजी-३ पासून तर निरनिराळ्या फोकसची अनेक चित्रे आपोआप घेऊन त्यांतील स्पष्ट भाग एकत्र जोडण्याची कलाही त्यांत आली आहे. अर्थात ही जोडणी स्थिर बसलेल्या कीटकापुरतीच. कपाटातील कॅमेरा चालू असेल, तर त्यावर वर्षभर हात बसेपर्यंत मी तरी खरेदीचा सल्ला देणार नाही.

उजेड आणि थेंबभर स्पष्टता

या छायाचित्रणातील अपयशाची कारणे बहुधा दोनच असतात: उजेड कमी पडणे आणि हात हलणे. कीटक चौकटीत वीस पट मोठा दिसतो, तशी हाताची थरथरही तितकीच मोठी होते. त्यावर फ्लॅश हा उपाय आहे. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही अल्प काळ टिकू शकतो. तेवढ्यात हाताची हालचाल गोठून जाते. परंतु उघड्या फ्लॅशचा प्रकाश कठोर असतो. भुंगेऱ्याच्या गुळगुळीत पाठीवर पांढरा डाग पडतो आणि भिंगाच्या नळीची सावली चौकटीचा खालचा कोपरा गिळून टाकते. यासाठी फ्लॅशपुढे दुधी रंगाचा अडसर धरावा. दह्याच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्याचा तुकडा किंवा दुहेरी ट्रेसिंग पेपर पुरतो. हा अडसर जितका मोठा आणि कीटकाच्या जितका जवळ, तितका प्रकाश मऊ, एवढे सूत्र ध्यानात ठेवावे. दिवसा, आभाळ किंचित भरलेले असताना, फ्लॅशशिवायही सुरेख चित्रे मिळतात; तेव्हा ज्या बाजूला सावली गडद असेल तिकडे वहीचा पांढरा कागद उभा धरावा.

आता फोकस. या कॅमेऱ्यांची नजर पुष्कळदा मुंगी सोडून मागच्या पानावर जाते. त्यासाठी शटरचे बटण अर्धे दाबून, कीटकाएवढ्याच अंतरावरील पानाच्या कडेवर फोकस बांधून घ्यावा. मग बटण तसेच ठेवून, श्वास रोखून, सबंध शरीर तसूभर पुढे-मागे झुलवावे आणि डोळा स्पष्ट दिसताक्षणी बटण पूर्ण दाबावे. माणसाच्या चित्राप्रमाणे येथेही डोळा स्पष्ट असेल तर पाय थोडे धूसर चालतात. डोळा धूसर असेल तर बाकी सारे असून नसल्यासारखे. फुलपाखराने पंख मिटलेले असतील, तर पाटी पंखाला समांतर राहील असा कॅमेरा धरावा; म्हणजे सारा पंख स्पष्टतेच्या त्या अरुंद पट्ट्यात सामावतो. वीस चित्रांतून एक बरे निघाले तर समाधान मानावे.

विषय कोठे शोधावेत?

कीटकांच्या शरीराची ऊब भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. म्हणून थंडीच्या दिवसांत सूर्य वर येण्यापूर्वीच्या तासात ते सुस्त असतात, गवताच्या पात्यांवर दवाचे थेंब अंगावर घेऊन स्थिर बसलेले असतात. ही वेळ नवशिक्याला वरदान आहे. आमच्या बडोद्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी कमाटी बागेतील हिरवळीच्या कडेला चतुर आणि टाचण्या अशा बसलेल्या आढळतात. चतुराच्या एकेका डोळ्यात हजारो छोटी भिंगे असतात. काही जातींत ही संख्या तीस हजारांच्या घरात जाते.

परंतु रोजचा अभ्यास घरच्या झाडांवर करावा, हे उत्तम. कीटक शोधण्यापेक्षा झाड ओळखावे. रुईच्या पानांवर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी असते, ती पुढे केशरी पंखांचे फुलपाखरू होते. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा पडला असेल तर तेथे मुंग्या असतात. माव्याच्या अंगातून झरणारा गोड रस त्या टिपतात. आणि जेथे मावा, तेथे त्याला खाणारे ठिपक्यांचे ढालकिडे येतातच. एका फांदीवर गवळी, गाई आणि वाघ अशी तिघांची वस्ती! हिरव्या प्रार्थना-कीटकाच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो, तो आपण जिकडे जाऊ तिकडे वळतो असे वाटते. तो बुबुळ नव्हे. ज्या बारीक भिंगांचे तोंड थेट आपल्याकडे असते, त्यांत शिरलेला प्रकाश परत येत नाही, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो.

एक चूक

याच प्रार्थना-कीटकाच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक घडली, ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. कीटक स्थिर राहावा म्हणून त्याला काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे, असा सल्ला मला कोणीसा दिला होता. मी तो अंमलात आणला. डबीत घालून ठेवलेल्या त्या जीवाकडे पाहून नातीने विचारले, ‘‘आजोबा, तो आपणहून आत गेला का?’’ मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. चित्र विलक्षण स्पष्ट आले. मिशांचा प्रत्येक सांधा मोजता येत होता. परंतु पाय अंगाखाली विचित्र मुडपलेले होते, मान लोंबत होती. जिवंत प्रार्थना-कीटक ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला ती फसवणूक तत्काळ कळली असती. त्याला पुन्हा चालता येईपर्यंत मी कुंडीपाशी अपराध्यासारखा बसून होतो. ते चित्र मी पुसून टाकले. पहाटेची थंडी जे काम स्वभावतः करते, ते डबीतल्या थंडीने करून घेण्यात कला नाही आणि सत्यही नाही. कीटकाला गोठवू नये, चिकटवू नये, त्याच्या लपण्याचे पान कापू नये. पाहून झाल्यावर फांदी होती तशी सोडावी.

कढीपत्त्याची वाटणी

आता त्या झाडाविषयी. आमच्या अंगणातील कढीपत्ता, ज्याला आमचे गुजराती शेजारी मीठो लीमडो म्हणतात, हा चार घरांच्या कढीचा आणि वरणाचा आधार आहे. एका श्रावणात त्याची पाने झपाट्याने कमी होऊ लागली. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ठिपके दिसत होते. सौ. म्हणाली, ‘‘अहो, निम्मे झाड खाल्ले यांनी! आज फवारा मारलाच पाहिजे.’’ तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. फवाऱ्याची बाटली आणण्यापूर्वी मी कॅमेरा आणला, आणि भिंगातून पाहिले तर त्या विष्ठेला पाय होते.

लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखराच्या त्या अळ्या होत्या. लहानपणी विष्ठेचे सोंग घेऊन त्या पक्ष्यांना फसवितात. शेवटची कात टाकल्यावर पानासारख्या हिरव्या होतात. काडीने हलकेच डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र दर्प सुटतो. मी सौ.ला कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते शिंग दाखविले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘खालच्या दोन फांद्या त्यांच्या. वरच्या आपल्या. वर आल्या तर मी जबाबदार नाही.’’

ही वाटणी आम्ही पाळली. वर चढलेल्या अळीला तिच्या पानासकट खाली आणून ठेवण्याचे काम नातीकडे आले. एकूण सात अळ्या होत्या. दोन बुलबुलाने नेल्या, एक गांधीलमाशीने. एक कोठे गेली ते कळलेच नाही. तिघींचे कोष झाले. रेशमाच्या एका धाग्याने कंबर बांधून ते काडीला टेकलेले होते. त्यांपैकी एका कोषाला बारीक भोके पडून त्यातून फुलपाखराऐवजी इवल्याशा परजीवी माश्या बाहेर पडल्या. नात हिरमुसली. परंतु त्या माश्यांच्या हिरवट धातूसारख्या चकाकणाऱ्या पाठीचे चित्र आमच्या संग्रहात आहे, आणि तेही त्या झाडाच्या हिशेबात धरावे लागते. फवाऱ्याशिवायही निसर्ग अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवीत असतो, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. येथे ते बोटांवर मोजता आले. त्या श्रावणात चारही घरांना कढीपत्ता पुरला.

उरलेल्या दोन कोषांतील एक मी दूध आणायला गेलो असताना फुटला. दुसऱ्याची पाळत मात्र सौ.ने ठेवली. पाने खुडता खुडता तिला दिसले की हिरवा कोष काळपट झाला आहे आणि त्याच्या पातळ झालेल्या सालीतून पिवळे ठिपके दिसताहेत. ‘‘अहो, कॅमेरा घेऊन या!’’ अशी हाक आली. कोष उकलला, चुरगळलेल्या कागदासारखे पंख बाहेर आले आणि हळूहळू भरून ताठ झाले. काळ्यावर पिवळी नक्षी, मागच्या पंखाशी एक तांबडा ठिपका. माझ्या चित्रात पंखाचे टोक धूसर आहे. डोळा मात्र स्पष्ट आहे.

नोंद हवीच

चित्राबरोबर तारीख, वेळ, ठिकाण आणि मुख्य म्हणजे झाडाचे नाव वहीत लिहून ठेवावे. नावाची घाई करू नये. झाड आणि ऋतू ठाऊक असले की जाणकाराला कीटक ओळखणे सोपे जाते. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर चित्र पाठविल्यास ओळखही मिळते आणि आपली नोंद अभ्यासकांच्याही उपयोगी पडते. एकाच झाडाच्या नोंदी दोन-तीन वर्षे ठेवल्या तर कोणता कीटक कोणत्या महिन्यात येतो, आणि कोणता येईनासा झाला, हे आपल्यालाच दिसू लागते. अंगणे फरशीखाली जात असताना या नोंदींचे मोल कमी समजू नये.

ज्यांच्या घरी अंगण नाही, त्यांना गॅलरीतील तुळस आणि लिंबाची एक कुंडी पुरे आहे. ज्यांच्याकडे जुना कॅमेरा नाही, त्यांनी फोनपासून आरंभ करावा. उजेडाचे आणि धीराचे नियम तेच आहेत. ज्यांच्या कपाटात तो आहे, त्यांनी येत्या रविवारी एवढेच करावे: त्याला खाली उतरवावे, नवी बॅटरी घालावी आणि फुलाचे बटण शोधावे. आमच्या घरी फवाऱ्याची बाटली अजून आहे. मात्र ती उघडण्यापूर्वी कॅमेरा आणावयाचा, असा दंडक पडला आहे. आणि तो माझा नव्हे, सौ.चा आहे.